शीव न ओलांडलेले गाव

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर नावाचा डोंगराळ परगणा आहे आणि त्याच्या उत्तर भागात, शेफील्ड या पोलादाच्या शहरापासून नैर्ऋत्येस सुमारे २० किलोमीटरवर, एका लांबट डोंगरकड्याच्या कुशीत ईम हे गाव वसलेले आहे. वस्ती जेमतेम हजाराच्या घरातली, एकच लांब आणि वळणावळणाचा मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना करड्या दगडांची घरे, मध्ये चर्च, थोडे पुढे सतराव्या शतकातला एक वाडा. बाहेरून पाहता त्या भागातील इतर गावांहून ते फारसे वेगळे नाही. तरीही वर्षाच्या बाराही महिन्यांत पाठीवर पिशवी आणि हातात नकाशा घेतलेले पदयात्री येथे येत असतात, याचे कारण १६६५ आणि १६६६ या दोन वर्षांत या गावाने प्लेगच्या साथीत जे केले, त्यात आहे. त्या घटनेच्या खुणा गावाच्या मध्यापेक्षा गावाच्या कडेला, शेतांत, उतारांवर आणि शेजारच्या गावांकडे जाणाऱ्या वाटांवर अधिक आहेत, आणि म्हणून ईमचा इतिहास समजून घ्यायचा तर तो पायीच समजून घ्यावा लागतो.

गावाची जागा आधी लक्षात घ्यायला हवी. दक्षिणेकडची जमीन चुनखडीच्या पांढरट दगडाची, खोल घळींची आणि कोरड्या दऱ्यांची आहे. उत्तरेकडे वाळूच्या खरबरीत, काळपट दगडाचा कडा उभा आहे आणि त्याच्यावर मूर, म्हणजे वारा, धुके आणि हेदरची खुरटी झुडपे यांचे राज्य असलेला ओसाड उंच माळ, पसरलेला आहे. या दोन दगडांच्या सांध्यावर गाव बसले, कारण कड्यातून झिरपणारे पाणी याच सांध्यावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि चुनखडीच्या थरांत शिशाच्या खनिजाच्या शिरा असल्याने शेतीबरोबर खाणकामावरही येथील घरे चालत आली. माळावर कांस्ययुगातील दगडांचे एक वर्तुळ आहे, ज्याला वेट विदेन्स म्हणतात, आणि चर्चच्या आवारात आठव्या शतकाच्या सुमाराचा कोरीव दगडी क्रूस उभा आहे. त्याच्या खांबाचा काही भाग कधीतरी नाहीसा झाला असला, तरी माथ्यावरच्या देवदूतांच्या आकृती अजून ओळखू येतात. म्हणजे प्लेग येण्यापूर्वीही हे गाव हजार वर्षे नांदते होते. आज मात्र त्या हजार वर्षांवर चौदा महिन्यांची सावली पडली आहे, आणि जुन्या क्रूसाजवळून जाणारे बहुतेक लोक शेजारच्या एका थडग्यापाशीच थांबतात.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. परंपरेने सांगितले जाते ते असे, की त्या उन्हाळ्याच्या अखेरीस ईममधील शिंपी अलेक्झांडर हॅडफील्ड याच्याकडे लंडनहून कापडाचे गाठोडे आले, कापड दमट असल्याने ते उलगडून शेकोटीसमोर वाळत घातले गेले आणि कापडात दडलेल्या पिसवांमार्फत रोग घरात शिरला. त्या घरात कामाला राहिलेला जॉर्ज व्हिकर्स हा पहिला बळी. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याला पुरल्याची नोंद चर्चच्या नोंदवहीत आहे. शरद ऋतूत मृत्यू वाढत गेले, हिवाळ्यात साथ मंदावली, आणि आता संकट टळले असे वाटत असतानाच १६६६ च्या जूनमध्ये तिने पुन्हा उचल खाल्ली.

या टप्प्यावर दोन धर्मोपदेशकांची नावे पुढे येतात आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते या कथेत फार महत्त्वाचे आहे. विल्यम मॉम्पेसन हा गावाचा अधिकृत पाद्री, वय तिशीच्या आत, गावात येऊन पुरती दोन-तीन वर्षेही न झालेली. टॉमस स्टॅन्ली हा त्याच्या आधीचा, वयाने मोठा आणि गावकऱ्यांच्या विश्वासातला. परंतु राजाची सत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर १६६२ मध्ये सर्व पाद्र्यांनी एकच अधिकृत प्रार्थनाग्रंथ स्वीकारला पाहिजे असा जो कायदा झाला, तो न मानल्यामुळे पद गमावलेला. एकाने ज्याची जागा घेतली होती, त्या दुसऱ्याकडेच गावाचे मन होते, आणि धर्ममतांवरून देशात नुकतेच रक्त सांडलेले होते. तरीही दोघे एकत्र आले आणि त्यांनी गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. मृतांना चर्चच्या दफनभूमीत न आणता प्रत्येक घराने आपले माणूस आपल्याच परसात किंवा शेतात पुरावे. बंद चर्चमध्ये न जमता प्रार्थना उघड्यावर, कुकलेट डेल्फ नावाच्या घळीत व्हावी, जेथे कुटुंबे एकमेकांपासून अंतर राखून उभी राहू शकतील. आणि साथ संपेपर्यंत गावाची शीव कोणीही ओलांडू नये. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण होती. पळून जाणे हाच त्या काळी प्लेगवरचा सर्वमान्य उपाय होता, आणि येथे लोकांना मृत्यूच्या सोबत थांबायला सांगितले जात होते, ते स्वतःच्या बचावासाठी नव्हे तर शेजारच्या गावांच्या बचावासाठी.

मराठी वाचकाला शीव या शब्दाचे वजन वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या कडेला मरीआईचे ठाणे असते, आणि पटकी किंवा देवीसारखी साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची रीत अनेक भागांत होती. रोग शिवेबाहेर गेला म्हणजे गाव सुटले, अशी त्यामागची समजूत. ईमच्या लोकांनी याच्या नेमके उलट केले. त्यांनी रोगाला शिवेच्या आत धरून ठेवले. या दोन कृतींमागची भीती एकच आहे, पण गावाची सीमा कोणाच्या रक्षणासाठी असते या प्रश्नाची उत्तरे मात्र दोन टोकांची आहेत, आणि ईमला जाण्याचे खरे प्रयोजन या दुसऱ्या उत्तराशी समोरासमोर होणे हेच म्हणावे लागेल.

गाव बंद झाले तरी पोट बंद होत नाही. परिसरातील सर्वांत बडे जमीनदार, चॅट्सवर्थ येथील डेव्हनशायरचे अर्ल, यांनी अन्नधान्याची व्यवस्था केली आणि आसपासच्या गावांतील लोक शिवेवर ठरलेल्या जागी सामान ठेवून निघून जात. अशा दोन जागा आजही पाहता येतात. एक आहे गावाच्या वरच्या अंगाला, माळाकडे चढत जाणाऱ्या रस्त्यालगतचा झरा, ज्याला मॉम्पेसनची विहीर म्हणतात. येथे सामानाची किंमत वाहत्या पाण्यात ठेवली जाई. दुसरी जागा आहे गावाच्या खालच्या अंगाला, ईम आणि स्टोनी मिडलटन या दोन गावांच्या मधल्या कुरणात पडलेला एक मोठा धोंडा. त्याच्या पाठीवर सहा भोके आहेत. त्यांत व्हिनेगर भरून नाणी बुडवून ठेवली जात, कारण आंबट द्रवाने विष उतरते असा समज होता. वर्षानुवर्षे बोटे घालून पाहणाऱ्यांमुळे या भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. या दगडाभोवती तिकीटघर, छत किंवा मोठा फलक असा काहीही थाट नाही, मेंढ्या त्याच्या आजूबाजूला चरत असतात, आणि म्हणूनच कदाचित तो पाहणाऱ्याच्या मनात अधिक खोल उतरतो.

गावाच्या पूर्वेला अर्ध्या मैलावर, चढणीच्या एका शेतात, वर्तुळाकार दगडी भिंतीच्या आत काही थडगी आहेत, त्यांना रायली ग्रेव्ह्ज म्हणतात. १६६६ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅन्कॉक या स्त्रीने आपला नवरा आणि सहा मुले यांना आठ दिवसांच्या आत, एकापाठोपाठ एक, स्वतःच्या हातांनी या शेतात पुरले. शेजारपाजारचे कोणी मदतीला येऊ शकत नव्हते. ती स्वतः वाचली आणि पुढे शेफील्डला, तेथे असलेल्या आपल्या उरलेल्या मुलाकडे निघून गेली. येथे उभे राहिल्यावर समोर डर्वेंट नदीच्या खोऱ्याचा विस्तीर्ण, हिरवागार देखावा दिसतो, आणि ज्या जागेवरून इतके सुंदर दिसते त्याच जागी एका आईला आठ दिवस फावडे चालवावे लागले, ही गोष्ट मनात एकत्र बसवणे सोपे जात नाही. त्याच महिन्यात मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन हीदेखील गेली. मुलांना आधीच दूर यॉर्कशायरला पाठवून ती नवऱ्याजवळ थांबली होती. चर्चच्या आवारातील जे थडगे लोक शोधतात ते तिचे. एकट्या ऑगस्टमध्ये सत्तरहून अधिक माणसे मेली. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला शेवटचा मृत्यू झाला आणि साथ थांबली. मॉम्पेसनने आपल्या पत्रात ७६ कुटुंबांतील २५९ माणसे गेल्याचे लिहून ठेवले आहे.

हा आकडा गावाच्या एकूण लोकसंख्येचा किती हिस्सा होता, याविषयी मात्र जुनी आणि नवी मते वेगळी आहेत. गावात साडेतीनशे माणसे होती आणि ८३ वाचली, असे जुन्या पुस्तकांत आढळते. नंतरच्या अभ्यासांत लोकसंख्या सातशे-आठशेच्या आसपास धरली जाते, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा गाव गेले. इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याहून मूलभूत प्रश्न उभा केला. त्यांच्या मते समकालीन पुरावा फार तुटपुंजा आहे आणि वीरत्यागाची जी कथा आज सांगितली जाते, ती पुष्कळ अंशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील लेखकांनी घडवली; याच गावात १७४२ मध्ये जन्मलेली कवयित्री ॲना सीवर्ड ही त्यांपैकी एक, आणि १८४२ मध्ये गावाचा इतिहास लिहिणारा विल्यम वुड हा दुसरा. ज्यांच्याकडे पैसा आणि बाहेर आसरा होता त्यांच्यातले काही आधीच निघून गेले होते, तेव्हा मागे राहिलेल्यांनी त्याग केला की त्यांना दुसरा मार्गच नव्हता, असाही प्रश्न विचारला जातो. हे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारल्याने गावाची थोरवी उणावत नाही. जाण्याची सोय नसलेल्या गरीब माणसानेही अंधारात माळ ओलांडून निसटण्याचा विचार केलाच असेल, आणि तो विचार बहुतेकांनी बाजूला ठेवला नसता तर साथ आजूबाजूच्या दाट वस्त्यांत पोहोचण्याचा धोका वाढला असता, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

या गावाच्या कथेचा दुसरा धागा थेट मुंबईला येऊन पोहोचतो. ईमच्या लोकांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते. ते समजायला आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी शहरात आलेल्या प्लेगच्या साथीतील पहिल्या रुग्णांचे निदान केले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू रोग पसरवते हे दाखवले, आणि पुढच्या दशकात परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामामुळे ते सर्वमान्य झाले. शिंप्याच्या घरातील दमट कापडाची परंपरागत कथा शास्त्राच्या कसोटीवर उतरू शकते, हे मुंबई-कराचीतील या कामामुळे कळले. गंमत अशी, की शास्त्र तेथेच थांबले नाही. ईमच्या नोंदवहीतील तारखा आणि कुटुंबे यांचा गणिती अभ्यास करून लिलिथ व्हिटल्स आणि झेवियर डिडेलो यांनी २०१६ मध्ये असे मांडले, की तेथील सुमारे तीन-चतुर्थांश लागण उंदरांकडून नव्हे, तर माणसाकडून माणसाला झाली असावी आणि त्यात माणसाच्या अंगावरील पिसवा किंवा उवा यांचा वाटा असू शकतो. एका खेड्यातील पाद्र्याने मृत्यूच्या गर्दीतही नोंदवही नीट राखली, म्हणून साडेतीनशे वर्षांनंतर हे शक्य झाले.

महाराष्ट्राने १८९६ नंतरच्या त्या साथीत जे अनुभवले त्याची ईमशी तुलना मनात आपोआप उभी राहते. मराठी मुलखात प्लेग आला की लोक गावाबाहेर शेतात झोपड्या बांधून राहायला जात. कित्येक घरांत आजही आजोबा-पणजोबांच्या जन्माची आठवण ‘प्लेगच्या वेळी रानात’ अशी सांगितली जाते. उंदीर आणि घरे यांपासून दूर जाण्याचा हा उपाय आजच्या ज्ञानाच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. पुण्यात मात्र सरकारने विलगीकरण आणि घरझडतीची सक्ती केली, लष्कराचे शिपाई घरात घुसले, आणि त्या जुलमाच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. ईममध्ये बंधन आपल्याच माणसांनी, गावाच्या भाषेत आणि गावाच्या विश्वासाच्या आधारे मागितले. पुण्यात ते बंदुकीच्या दस्त्याने लादले गेले. साथीत गाव बंद करण्याचा विचार जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे, आणि २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या लोकांना अचानक ईमची आठवण झाली ती यामुळेच.

आता चालण्याविषयी. ईम ज्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येते ते १९५१ मध्ये स्थापन झालेले ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान. येथील ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणजे माणसांना बाहेर ठेवणारे अभयारण्य नव्हे. त्यात गावे, शेते, शाळा आणि दुकाने नांदत असतात आणि केवळ भूप्रदेशाचे रूप बिघडू नये एवढे पाहिले जाते. चालणाऱ्यांना येथील माळांवर फिरण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. येथून वायव्येला काही अंतरावर किंडर स्काउट नावाचे उंच पठार आहे. बडे जमीनदार शिकारीसाठी ते माळ राखून ठेवत आणि सामान्यांना मज्जाव करीत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि आसपासच्या गिरणी-कारखान्यांतील शेकडो तरुण कामगार ठरवून त्या माळावर चढले, त्यांच्यातील पाच जणांना तुरुंगात जावे लागले, आणि त्यातून उठलेल्या आवाजाने पुढे कायदे बदलायला भाग पाडले. शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा हा याहूनही जुना हक्क आहे. मराठीत ज्याला वहिवाट म्हणतात तीच ही कल्पना, की पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्या वाटेने गेले ती वाट जमीन कोणाचीही असो, बंद करता येत नाही. गारा-चुना न वापरता रचलेल्या, कोकणातील गडग्यासारख्या भिंती ओलांडण्यासाठी त्यांत दगडी पायऱ्या बसवलेल्या असतात आणि पदयात्र्यांच्या नकाशावर प्रत्येक अशी वाट तुटक हिरव्या रेघेने दाखवलेली असते. ज्या गावाने एकेकाळी आपल्या सर्व वाटा स्वतःहून बंद केल्या, त्या गावाभोवती आज सर्वांसाठी खुल्या वाटांचे जाळे आहे.

शेफील्ड आणि मँचेस्टर यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरील ग्रिंडलफर्ड हे जवळचे स्थानक. तेथून चढणीच्या वाटेने दीड-दोन तासांत निवांत चालत ईमला पोहोचता येते आणि बसही गावातून जातात. मुख्य रस्त्यावरील जुन्या घरांसमोर छोट्या पाट्यांवर त्या घरात कोण राहत होते आणि कोणत्या तारखेला कोण गेले, हे लिहिलेले आहे; नावे वाचत जाताना एकाच घरातील तारखा एकमेकींच्या किती जवळ आहेत हे लक्षात येते आणि पाऊल आपोआप मंदावते. या घरांत आज माणसे राहतात, तेव्हा खिडकीतून आत डोकावणे किंवा उंबऱ्यावर उभे राहून छायाचित्रे घेणे योग्य नव्हे. जुन्या प्रार्थनामंदिरात थाटलेले संग्रहालय लहान पण उत्तम आहे, आणि त्याच्या छपरावरील वातकुक्कुटाच्या जागी धातूचा उंदीर वाऱ्याची दिशा दाखवतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कुकलेट डेल्फमध्ये स्मरणाची प्रार्थना होते. त्याच सुमारास डर्बीशायरच्या जुन्या रीतीप्रमाणे गावातील पाणवठे सजवले जातात, म्हणजे ओल्या मातीने लिंपलेल्या मोठ्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या, बिया आणि शेवाळ टोचून चित्रे उभी केली जातात. रांगोळी आणि फुलांची आरास पाहत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाहीत. त्याच दिवसांत वरच्या माळावर हेदर जांभळे फुललेले असते. मात्र तेथे धुके झपाट्याने उतरते, म्हणून उबदार कपडे आणि नकाशा सोबत हवाच.

वेळ एकाच फेरीपुरता असेल तर ती स्टोनी मिडलटनकडून सुरू करावी. बहुतेक लोक वाहन ईममध्ये ठेवून उलट्या दिशेने दगड पाहायला उतरतात, पण खालून वर चढत आल्यास ज्या क्रमाने शेजाऱ्यांनी भाकरी आणून ठेवली त्याच क्रमाने वाट उलगडते: आधी मोकळे कुरण, मग भोकांचा धोंडा, त्यानंतर लिडगेट ही गावाची जुनी वेस, जेथे पूर्वी रात्रीचा पहारा बसत असे, आणि तिच्याजवळच बाप आणि लेक यांची दोन थडगी. सबंध अंतर अर्ध्या तासाच्या आतले आहे.